जुनी कार्बोरेटरवाली बाइक रोज वापरताना: इंजिन ठणठणीत, पण पेट्रोल कॉककडे कुणी बघतच नाही

गाडीची माहिती थोडक्यात सांगतो, कारण अशी गाडी ज्यांनी वापरली आहे त्यांना ती वेगळी सांगायला नको. एक सिलिंडर, एअर कूल्ड, चार स्ट्रोक, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), पुढे-मागे ड्रम ब्रेक, किक आहे आणि सेल्फही आहे. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी सेकंडहँड घेतली आणि गेले कित्येक महिने रोजच्या जाण्यायेण्याला हीच वापरतोय. अनुभव लिहायचं मनात होतंच, पण कार्बोरेटरवरून सर्व्हिस सेंटरमध्ये जी वादावादी झाली, त्यानंतर लगेच लिहायला बसलो.

झालं असं. रात्री व्यवस्थित लावलेली गाडी सकाळी काढायला गेलं की पेट्रोलचा वास यायचा. ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला थेंब आणि खाली जमिनीवर ओला डाग. किक मारली तर गाडी लगेच घेत नसे. घेतली तरी काळा धूर सोडत, मिसिंग करत जरा वेळ चालायची आणि मग सरळ व्हायची. पहिल्यांदा दाखवली तेव्हा कार्बोरेटर खोलून साफ करून दिला. थोडे दिवस बरे गेले, परत तेच. मग फ्लोटची नीडल (कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) बदलली. परत तेच. शेवटी मेकॅनिकने सरळ सांगून टाकलं, "साहेब, कार्बोरेटरच गेलाय. अख्खा बदलावा लागेल."

टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायचा नळ असतो, तो म्हणजे कॉक. मी विचारलं, "मी रोज रात्री कॉक बंद करतो. मग रात्रभर गळायला पेट्रोल येतं कुठून?"

"जुनी गाडी आहे, असं होणारच."

हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. गाडी जुनी आहे, हे काही निदान झालं नाही. या गाडीत पेट्रोलचा रस्ता अगदी साधा आहे: टाकी, कॉक, नळी, कार्बोरेटर. पंप नाही, सेन्सर नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. कॉक खरोखर बंद होत असेल तर नीडल कितीही गळकी असो, नळीत उरलंय तेवढंच गळेल आणि थांबेल. रात्रभर गळतंय म्हणजे नीडल बसत नाही आणि कॉकही बंद होत नाही. दोन्ही. पण जॉब कार्डावर दर वेळी एकच ओळ, 'कार्बोरेटर क्लीनिंग', आणि बिलात दर वेळी त्याची मजुरी. कॉकला कुणी हात लावला नाही. काढलेली जुनी नीडल मागितली तर तीही मिळाली नाही. नव्या कार्बोरेटरचा खर्च ऐकला आणि गाडी तशीच घरी आणली.

कॉक तपासायला हत्यारं जवळजवळ लागतच नाहीत. इंजिन थंड हवं, जागा मोकळी हवी आणि आसपास कुठे जाळ नको. कॉक बंद करायचा, कार्बोरेटरकडच्या टोकाची क्लिप पकडीने मागे सरकवून नळी काढायची आणि ते टोक पेट्रोल चालेल अशा डब्यात सोडायचं. बंद स्थितीत एकही थेंब पडायला नको. माझ्या गाडीत संथपणे, पण न थांबता पडत होते. मग कॉक ऑन करायचा. धार एकसारखी हवी. सुरुवातीपासूनच बारीक असेल तर आतली जाळी तुंबली आहे. आधी चांगली असून हळूहळू बारीक होत गेली तर टाकीचं झाकण उघडून बघायचं. धार परत मोठी झाली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत शिरली पाहिजे. ती शिरली नाही की चांगली चालणारी गाडी काही अंतर गेल्यावर अचानक दम टाकते, आणि जरा वेळ उभी केली की काही न करता सुरू होते. मग लोक ठिणगीचा बिघाड समजून कॉइल बदलतात, सीडीआय बदलतात. तिसरी तपासणी कॉक रिझर्व्हवर (तळाचं राखीव पेट्रोल) ठेवून, तशीच.

माझा कॉक दोन स्क्रूंचा, म्हणजे खोलता येण्याजोगा निघाला. टाकी रिकामी करून काढला. समोरची पट्टी सुटली की आधी वेडीवाकडी वळवलेली पातळ स्प्रिंग वॉशर येते, मग लिव्हर, आणि तिच्यामागे नाण्याएवढं, चार भोकांचं रबरी पॅकिंग. सगळी मदार या पॅकिंगवर. लिव्हरच्या आतल्या तोंडाला एक खाच असते. लिव्हर फिरवली की त्या खाचेमुळे पॅकिंगची हवी ती भोकं एकमेकांना जोडली जातात, आणि बंद केल्यावर कुठलीच जोडली जाऊ नयेत अशी रचना आहे. माझं पॅकिंग नखाने दाबलं तर दबत नव्हतं. वर्षानुवर्षं लिव्हर घासून त्यावर गोल चर पडला होता आणि लिव्हर बंद असली तरी पेट्रोल त्या चरातून वाट काढत होतं. लिव्हरच्या तोंडावरही बारीक ओरखडे होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, तेलाचे दोन थेंब टाकून ते घासून काढले.

खरी गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूला सापडली. टाकीच्या आत जो भाग राहतो, तिथे एक उभी पितळी नळी असते आणि तिच्यावर बारीक जाळीची टोपी. ती टोपी बुडाशी फाटली होती. टाकीतल्या गंजाचा चुरा थेट खाली उतरत होता आणि नीडलच्या टोकाशी जाऊन अडकत होता. म्हणूनच साफ केलेला कार्बोरेटर थोडेच दिवस टिकायचा, म्हणूनच नवी नीडलही बसेना. दोन्ही बिघाडांचं मूळ एकाच ठिकाणी होतं, आणि जो कॉक कुणी खोलला नाही त्यातच होतं.

नवी जाळी, नवं पॅकिंग, नवी ओ-रिंग घातली. टाकीला कॉक धरणाऱ्या स्क्रूंखाली फायबरचे वॉशर घातले. तिथे साधे लोखंडी वॉशर लावले की आट्यांमधून पेट्रोल झिरपत राहतं. त्या रात्रीपासून गाडीखालची जमीन कोरडी आहे. कार्बोरेटर तोच, नीडलही तीच.

सगळ्याच गाड्यांचा कॉक असा नसतो. काहींचा रिव्हेट मारून कायमचा बंद केलेला असतो. तो खोलण्याच्या नादाला लागू नये, पूर्ण नवा घ्यावा. काहींना व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो. त्याला बहुधा बंदची खूण नसते, इंजिन चालू असेल तेव्हाच तो पेट्रोल सोडतो. त्यातला पडदा फाटला तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट इंजिनात ओढलं जातं. ती नळी काढून हुंगून बघितली, आत ओल दिसली, की कळतं.

एका कॉकवर एवढं लिहायचं कारण नुसतं वाया गेलेलं पेट्रोल नाही. माझ्या कार्बोरेटरला ओव्हरफ्लोची नळी होती म्हणून गळती जमिनीवर दिसली. काही कार्बोरेटरमध्ये ती सोय नसते. तिथे जास्तीचं पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं, हाताला पातळ लागलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नका. आधी गळती थांबवा, मग ऑइल बदला. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने बेअरिंगला आणि कॅमला हवा तो थर मिळत नाही, आणि ठणठणीत इंजिन फुकट जातं. ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात, वाढलं की कुणालाच शंका येत नाही.

आता रिझर्व्हबद्दल, कारण ही सोय मला मनापासून आवडते. कॉक ऑन असताना पेट्रोल त्या उभ्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, रिझर्व्हला टाकीच्या तळाजवळच्या भोकातून. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी गचके देते. डावा हात खाली नेऊन लिव्हर फिरवायची की गाडी परत धरते, थांबायचीही गरज नाही. माझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेला आहे आणि मी तो दुरुस्त करून घेतलेला नाही, कारण या नळीने मला एकदाही फसवलेलं नाही. रिझर्व्हला कधी जाऊ नये, तळाची घाण कार्बोरेटरमध्ये येते, असं बरेच जण सांगतात. सुरुवातीला मलाही ते पटलं होतं. कॉक खोलल्यावर मत बदललं. घाण आणि पाणी तळाशी साचतं हे खरंच आहे, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाण्याची भीती जास्तच. पण रिझर्व्ह वर्षानुवर्षं वापरलंच नाही तर खालचं भोक गाळाने बुजतं, आणि नेमकं गरज पडेल तेव्हा त्यातून काही येत नाही. माझं जवळजवळ बुजलेलंच होतं. आता अधूनमधून, घराजवळच असताना, मुद्दाम थोडा वेळ रिझर्व्हवर चालवतो आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून तळाचं काढून टाकतो. पेट्रोलखाली पाण्याचे गोल मणी वेगळे दिसतात.

मध्येच बदललेलं आणखी एक मत म्हणजे नळीतला फिल्टर. टाकीत गंज आहे म्हटल्यावर मी कागदी फिल्टर लावला आणि काही आठवडे त्याची सगळ्यांकडे तारीफ केली. मग टाकी निम्म्याखाली गेली की चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी खोळंबायला लागली. कागदी फिल्टर पंपाच्या दाबावर चालणाऱ्या गाड्यांना ठीक. नुसत्या वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला तो अडवतो, त्यात फिल्टरमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की आणखीच. तो काढून बारीक जाळीचा, छोटा फिल्टर बसवला, नळी कुठेही वर वळणार नाही अशी बेताने कापली, आणि खोळंबणं गेलं. नळी पेट्रोलसाठीचीच घ्या. पाण्याची पारदर्शक नळी स्वस्त पडते, पण पेट्रोलने ती कडक होते आणि क्लिपपाशी तडकते, आणि तिच्या खाली तापलेलं इंजिन असतं.

गाडी आठवडाभराहून जास्त उभी राहणार असेल तर माझी पद्धत अशी: कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. नाहीतर वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो सगळ्यात आधी स्लो जेटला, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल देणाऱ्या छोट्या भागाला, बुजवतो, कारण त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. चोक ओढला तर चालते, चोक सोडला की बंद पडते, अशी तक्रार असेल तर आधी स्लो जेटकडे बघा. तो साफ करताना सुई किंवा तार घालू नका, छिद्र मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा, बस्स. आणि वाटीचे फुलीचे स्क्रू खोलायच्या आधी आपला स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसतो का ते बघा. जपानी घडणीच्या कार्बोरेटरांना जपानी मापाची फुली असते. साध्या फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोकं खातो. माझ्या वाटीचे दोन स्क्रू आधीच्या कुणीतरी असेच खाऊन ठेवले होते.

बाकीच्या गाडीबद्दल झटपट.

चेनवरचं बंद कव्हर मला सुरुवातीला अडचण वाटायचं. मागचं चाक काढायचं तर ते मध्ये येतं, खडखडतं, दिसायलाही जुनाट. पावसाळा गेला आणि कव्हर उघडून बघितलं तर चेनवर ऑइल तसंच होतं. उघड्या चेनच्या गाड्या त्याच दिवसांत लालसर झालेल्या बघितल्या. आता ते कव्हर काढायला कुणी सांगितलं तरी काढणार नाही. फक्त आतला सैलपणा खालच्या भोकातून बोट घालून बघत राहायचा. अशा बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर चालतो, आणि तो चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात जास्त ताणलेली असेल त्या जागी मोजायचा.

टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करा. माझ्या मेकॅनिकने एकदा आवाज येतो म्हणून इतके घट्ट केले की गाडी अगदी गप्प झाली, आणि त्याबरोबर गरम झाल्यावरचं आयडलिंग गेलं. टॅपेटची फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची असते. तीही राहिली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कडेने जळत जातो. हलकी टिकटिक चालेल. फीलर गेजशिवाय (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नुसत्या हाताच्या अंदाजाने कुणी करत असेल तर थांबवा.

सेल्फ कधी लागतो, कधी नुसता कट्ट करतो, हॉर्न बसका, इंडिकेटर मंद. हे सगळं बॅटरीचं काम म्हणून सांगितलं गेलं होतं. मल्टिमीटरने बघितलं तर गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि रेस दिल्यावर १४ च्या आसपास, म्हणजे बॅटरीही चांगली आणि चार्जिंगही. बिघाड होता इंजिनला जोडलेल्या अर्थच्या वायरीत. बोल्टखाली रंग आणि गंज. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबायचा. आकडा शून्याच्या जवळ राहिला पाहिजे, अर्ध्या व्होल्टकडे जाऊ लागला तर अर्थिंग खराब. बोल्ट काढून, घासून, ग्रीसचा हात देऊन बसवला आणि तीनही तक्रारी एकदम गेल्या.

ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए'चा शिक्का बघून घेतो. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि मोटारींसाठीच्या काही ऑइलमधले घसरणीचे घटक त्याला चालत नाहीत. ड्रम ब्रेकबद्दल तक्रार नाही, मात्र लायनर घासल्यावरची धूळ फुंकून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते आधी वाचले. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझे टायर इतके जुने निघाले की नक्षी असूनही बदलले. ओल्यात त्यांची पकड राहिलेली नव्हती. या एका खर्चाला मी हात आखडला नाही.

गाडीवर मी खूश आहे. ॲव्हरेज चांगलं आहे, किकला एका-दोनदात घेते आणि जे काही बिघडतं ते साध्या पान्यांनी, डोळ्यांनी बघून दुरुस्त होतं. राग आहे तो दुरुस्तीच्या नावाखाली चाललेल्या पार्ट बदलण्यावर. या कॉकचं पॅकिंग हा गाडीतल्या सगळ्यात स्वस्त पार्टांपैकी एक आहे. त्याच्याऐवजी मला सगळ्यात महागातला पार्ट सुचवला गेला, तोही न तपासता. आणि कार्बोरेटर नवा बसवला असता तर त्याच फाटक्या जाळीतला चुरा त्या नव्यातही उतरलाच असता.

अजून दोन कामं राहिली आहेत. पुढच्या फोर्कचं एका बाजूचं ऑइल सील ओलं दिसायला लागलंय, आणि टाकीतला गंज मुळापासून काढायचा आहे. तोवर जाळीवर भिस्त आहे, आणि कॉक रोज रात्री बंद होतो.

कुणी अशी जुनी गाडी बघायला जाणार असेल तर इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी कॉकची लिव्हर हाताने फिरवून बघा. ती तिन्ही जागी घट्ट आणि स्पष्ट अडली पाहिजे. जाम असेल तर गाडी बहुधा कायम ऑनवरच राहिली आहे, आणि आतलं रबर शेवटचं कधी बदललं हे विकणाऱ्यालाही माहीत नसणार. मग तिथेच डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या.